रविवारची वेणी

१ जानेवारी, बुधवार

माझ्या मुलानं, संगमेशनं, बियाणं कंपनीची डायरी आणून दिली. दर वर्षी आणतो. मागच्या वर्षीची गुरम्मानं पापडांखाली अंथरून संपवली. या वर्षी ठरवलं, आपण लिहायचंच. बावीस पोरींना रोज ऐकवते, लिहिल्याशिवाय डोक्यात बसत नाही म्हणून. मग मी का नाही?

तर लिहिते. मी कमलम्मा, वय अठ्ठावन्न, लातुरात मुलींचं होस्टेल चालवते. डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लाससाठी कुठूनकुठून पोरी येतात, निलंग्याच्या, नायगावच्या, बिलोलीच्या. सगळ्या मला अव्वा म्हणतात, म्हणजे आई. गुरम्मा स्वयंपाक करते आणि मी बाकी सगळं करते. (गुरम्माला विचाराल तर ती उलटं सांगेल.)

नाताळच्या सुट्टीत नात आली होती देवणीहून, शांभवी. आठ दिवस माझ्याच उशीवर झोपली. सारखं डोकं खाजवायची. तिकडं धूळ लई. आज संगमेश तिला घेऊन गेला, घर रिकामं वाटतंय.

५ जानेवारी, रविवार

आज वेण्यांचा दिवस. हा माझा नेम सतरा वर्षं चुकलेला नाही. आंघोळ, लिंगपूजा, मग खोबरेल कोमट करून गच्चीवर. पोरी रांगेनं येतात, पाठ करून बसतात, मी तेल लावते, विंचरते, दोन वेण्या घालते. कंगवा एकच, माझ्या सासूबाईंचा, म्हशीच्या शिंगाचा. काळाभोर, गुळगुळीत. या कंगव्याखालून गेलेल्या सात पोरी आज डॉक्टर आहेत. दुसऱ्या होस्टेलात सीसीटीव्ही आहेत, लिफ्ट आहे. पण आईच्या हातची वेणी कुठं मिळते?

वेणी घालताना पोरींना पाठांतर म्हणायला लावते, वेळ वाया जायला नको. आज निलंग्याची अक्षरा म्हणत होती, "शरीराच्या बाहेर राहून रक्त पिणारे परजीवी, उदाहरणार्थ माणसाच्या डोक्यातल्या उवा, कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिड्या." मी म्हटलं, शी, सकाळी सकाळी काय गं. तर म्हणे, परीक्षेत येतंय अव्वा.

एकटी सदफ बसली नाही. बिलोलीची, बांगड्या-कंगवे विकणाऱ्या मणियारांची पोरगी, नोव्हेंबरात आली. गुडघ्यापर्यंत केस आहेत म्हणतात पोरी, मला कुठं दिसतात, कायम ओढणी. पहिल्या रविवारीच म्हणाली, "मी माझं करते न अव्वा." आज परत विचारलं, परत तेच. बरं बाई, तुझी मर्जी. मी काही मनाला लावून घेत नाही.

लावून घेतलं. खोटं कशाला लिहू.

१९ जानेवारी, रविवार

डोकं खाजतंय. संक्रांतीच्या आधी नवी मेंदी लावली होती, तिनंच केलं. लातूरचं बोअरचं पाणी आणि ही बाजारची मेंदी, दोघांचं जमत नाही. तरी वेण्या घातल्या, एकवीस. मध्येमध्ये कंगव्यानं स्वतःचंही डोकं खाजवून घेत होते, तेवढंच बरं वाटतं.

२८ जानेवारी, मंगळवार

खाज वाढली. गुरम्मा भाकरी थापता थापता म्हणाली, "अव्वा, तुमी लई खाजवून राहिल्या की."

म्हटलं, "मेंदी."

"मेंदीला दोन हप्ते झाले."

"काळजीनं पण खाजतं."

"कशाची काळजी?"

बावीस पोरींची परीक्षा तोंडावर आलीय आणि ही विचारते कशाची काळजी. भाकरीकडं बघ म्हटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

आज आक्रीत घडलं. क्लासमध्ये सराव परीक्षा होती. अक्षरा उत्तरपत्रिकेवर गोल काळे करत होती, तर वरून टपकन ऊ पडली आणि चालत चालत एकशे बाराव्या प्रश्नाच्या 'क' पर्यायावर जाऊन बसली. अक्षरा किंचाळली. पर्यवेक्षकांनी येऊन पाहिलं. सगळ्या वर्गानं पाहिलं.

रडत आली. मी जवळ घेतलं, तेल लावलं, विंचरलं. कंगव्यात आणखी चार निघाल्या. मग दुसरीच्या डोक्यात पाहिलं, तिच्यात. तिसरीच्यात. एकवीसच्या एकवीस! यव्वा!

उत्तर मात्र 'क'च बरोबर होतं म्हणे. एवढं सांगताना अक्षरा रडता रडता हसली.

५ फेब्रुवारी, बुधवार

गल्लीत पसरलं. समोरचा झेरॉक्सवाला पोरींना म्हणतो, "उवांच्या होस्टेलवाल्या ना तुम्ही?" सतरा वर्षांचं नाव एका उवेनं घालवलं. दोघींच्या आयांचे फोन आले, पोरीला न्यायला येतो म्हणून. कसंबसं थोपवलंय.

दुपारी सदफ तेलाची वाटी घेऊन खोलीत आली. दार लोटून घेतलं. म्हणाली, "अव्वा, तुमच्या डोक्याला मी तेल लावून देऊ का? जरा बघते."

तीन महिन्यांत कधी जवळ बसली नाही आणि आज तेल! मी म्हटलं, मस्का नको लावू, काय पाहिजे ते सांग. तिनं माझ्या अंबाड्याकडं पाहिलं. मग "काही न्हाई" म्हणून गेली. काहीतरी आहे त्या पोरीच्या मनात.

९ फेब्रुवारी, रविवार



आमच्याकडं उवांना सीताफळाच्या बिया लावतात. दिवाळीतल्या बिया मी वाळवून ठेवल्या होत्या. सकाळी कुटून तेलात कालवल्या. पहिली अक्षरा बसली. बजावलं होतं, डोळे गच्च मीट. पण धुताना पाण्याबरोबर ओघळ डोळ्यात गेला. पोरगी गच्चीवर लोळायला लागली. डोळे लालबुंद, उघडेनात. रिक्षा करून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. त्यांनी कितीतरी वेळ डोळे धुतले, थेंब घातले. म्हणाले, "आजी, हे बी म्हणजे विष आहे डोळ्याला. वेळेवर आणलंत. पोरीचा डोळा गेला असता."

येताना रिक्षात ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती, डोळ्यांवर पट्टी. म्हणाली, "अव्वा, तुम्ही रडू नका, दोन दिवसांत बरं होईल म्हणाले न." ती मला समजावत होती. मी बाई, तिची आई म्हणून मिरवणारी! मला माझीच लाज वाटली.

उरलेल्या बिया गुरम्मानं परसात खड्डा करून पुरल्या. मला विचारलं नाही, मी अडवलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अक्षराचे डोळे उघडले. दिसतंय, वाचतेय. महादेवा, तुझे उपकार.

आता मुळावर घाव घालायचा. या उवा आणल्या कुणी? मी बसून विचार केला, अगदी वकिलासारखा.

सतरा वर्षांत कधी उवा झाल्या नाहीत. या वर्षी झाल्या. या वर्षी नवीन काय? नोव्हेंबरात आलेली सदफ. डोकं कुणाला दाखवत नाही. रविवारी बसत नाही. तिची स्वतःची एक लाकडी फणी आहे, उशीखाली लपवून ठेवते, कुणाला देत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे परवा तिनं माझा शिंगाचा कंगवा न विचारता उचलला. गुरम्मानं पाहिलं, उकळत्या पाण्यात टाकायला निघाली होती! शिंग उकळलं तर वाकडं होतं, हे बिलोलीच्या मणियाराच्या पोरीला माहीत नाही? मी हिसकावून घेतला.

आणखी काय पुरावा पाहिजे?

ती मुसलमान आहे म्हणून मी असं म्हणत नाही, देवाशपथ लिहिते.

हे वाक्य कशाला लिहिलं कोण जाणे. कुणी विचारलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सदफच्या वडिलांना फोन केला. रियाजभाईंचं बिलोलीत बांगड्या-कंगव्यांचं दुकान आहे. म्हटलं, पोरीला घेऊन जा, माझ्या बाकीच्या पोरींचं नुकसान होतंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं, बाई. इतवारी येतो."

भांडले असते तर बरं झालं असतं.

सदफला सांगितलं. तिनं मान खाली घातली. म्हणाली, "अव्वा, परीक्षेला तीन म्हैनेबी न्हाईत." एवढंच. ओढणी सावरली आणि अभ्यासाला बसली. तिची आई नाही, आजीनं वाढवलेली आहे. घरी गेली की क्लास सुटणार, क्लास सुटला की परीक्षा संपली. हे मला माहीत आहे. गुरम्माला पण माहीत आहे, म्हणून आज तिनं माझ्या ताटात भाकरी आपटली.

खाजेनं जीव नकोसा झालाय. पापाची खाज असते का?

१५ फेब्रुवारी, शनिवार

जे झालं ते तसंच लिहिते, काही लपवत नाही.

महानंदा आली. माझ्याच होस्टेलात राहून डॉक्टर झालेली, आता कातडीची डॉक्टर आहे. मीच बोलावलं होतं, अक्षराच्या प्रकारानंतर. आल्या आल्या पाया पडली आणि लगेच रागावली, सीताफळावरून. मग पोरींना गच्चीवर उन्हात बसवलं, एकेकीचे केस बाजूला करून पाहिलं. "आहेत. आहेत. लिखा पण आहेत. आहेत."

बाविसावी सदफ. मी पुढं होऊन म्हटलं, "हिचं नीट बघ." पोरीनं ओढणी काढली. काय केस होते! महानंदानं मुळापासून टोकापर्यंत पाहिलं, बारीक फणी फिरवली, फणी पांढऱ्या कापडावर झटकली.

"एकही नाही. एक लीखसुद्धा नाही."

मी म्हटलं, "असं कसं?"

महानंदा म्हणाली, "मला पण तेच कळेना. अव्वा, उवा उडत नाहीत, उड्या मारत नाहीत. डोक्याला डोकं लागलं किंवा कंगवा एकमेकींचा वापरला, उशी एक झाली, की जातात. या एकवीस जणी असं काय एकत्र करतात, जे ही करत नाही?"

 गच्चीच्या कोपऱ्यात गुरम्मा लाल मिरच्या पसरत होती. वर न बघताच म्हणाली, "रविवारची वेणी."

महानंदानं माझ्याकडं पाहिलं. "तोच कंगवा का अव्वा, अजून?" मी अभिमानानं काढून दिला. माझ्या सासूबाईंचा! तिनं उन्हात धरला. दातांच्या मुळाशी बारीक बारीक पांढरं. मला चष्म्याशिवाय ते कधी दिसलंच नव्हतं.

मग ती हळूच म्हणाली, "अव्वा, बसा जरा."

"मला कशाला?"

"बसा."

बसले. बावीस पोरी गोल करून उभ्या. महानंदानं माझा अंबाडा सोडला, दोन ठिकाणी केस बाजूला केले आणि एकदम हसायलाच लागली. "अगं बाई! आपण गावोगाव शोधतोय, आणि मुख्यालय इथं आहे!"

आधी कुणी हसेना. मग अक्षराला आवरेना, मग सगळ्या. गुरम्मा तर मिरच्यांवर बसेल की काय असं वाटलं. एकटी सदफ हसली नाही. ती खाली बघत होती.

शांभवी. माझी उशी. आठ दिवस. मग माझं डोकं, माझा कंगवा, एकवीस डोकी, दर रविवारी, तेल लावून, मायेनं. मी स्वतः वाटल्या.

महानंदानं लोशन दिलंय. सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, आठ दिवसांनी परत. उशांचे अभ्रे गरम पाण्यात. ज्याची त्याची फणी वेगळी.

रियाजभाईंना फोन करायला तीनदा हात उचलला. काय सांगू? उद्या ते येणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

रियाजभाई पहाटेची गाडी धरून आले, उदगीरवरून. खांद्यावर मोठी पिशवी. सदफची ट्रंक दारात होतीच, तिनं स्वतः आणून ठेवलेली.

मी तोंड उघडणार तोच त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली. "बाई, जायच्या आधी हे घ्या. पोरीनं मागवलं व्हतं." आत लाकडी फण्या, दोन्ही बाजूंनी बारीक दातांच्या. तेवीस. "एकवीस पोरींच्या, एक सैपाकवाल्या बाईंची, एक तुमची."

मी विचारलं, "कधी मागवल्या?"

"हप्ता दीड हप्ता झाला की. फोन आला व्हता. म्हणली, अब्बा, अव्वांच्या डोक्यात उवा हायेत, त्याच कंगव्यानं सगळ्यांचं इंचरतात. म्हणलं, मंग सांग की त्यांना. म्हणली, एकदा सांगाया गेल्ते, जमलं न्हाई. वडील माणूस, इज्जतदार. चारचौघांत कसं सांगू? तुमी फण्या धाडा, मी कायतरी करते."

ती तेलाची वाटी घेऊन दार लोटून आली होती, ते त्यासाठी. कंगवा उकळायला निघाली होती, ते त्यासाठी. मी तिला काढून टाकलं, तेव्हाही ती गप्प राहिली, माझी अब्रू राखायला. आणि मी बसून वकिली करत होते.

पोरींना हाक मारली. सगळ्या जिन्यावर जमल्या. सगळ्यांसमोर हात जोडले आणि म्हटलं, "सदफ, उवा माझ्या होत्या. आळ मी तुझ्यावर घेतला. तू नवी, तू वेगळी, म्हणून घेतला. मला माफ कर." 

रियाजभाई म्हणाले, "हात नका जोडू बाई." पण त्यांनी पोरीकडं पाहिलं, माझ्याकडं नाही. "बेटा, तुझी मर्जी. चलायचं तर गाडी हाय दुपारी."

सदफनं ट्रंकेकडं पाहिलं. मी मनात शिवनाम घेत होते. शेवटी म्हणाली, "क्लास इथून जवळ पडतो, अब्बा."

बस, एवढंच. माझ्यासाठी राहते असं ती म्हणाली नाही, आणि का म्हणावं? ट्रंकेची एक कडी तिनं धरली, दुसरी मी धरली. तीन मजले. माझे गुडघे बोंबलत होते, पण सोडली नाही.

रियाजभाई जेवून गेले. गुरम्मानं त्यांना चार भाकरी वाढल्या आणि मला पण नीट वाढलं.

संध्याकाळी सगळ्यांनी लोशन लावलं. गच्चीवर तेवीस बायका डोक्याला लोशन चोपडून दहा मिनिटं घड्याळ बघत बसल्या. झेरॉक्सवाला वर बघत होता. मी म्हटलं, "बघतो काय? तुझं पण डोकं आण, लावून देते." आत पळाला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

संगमेशला फोन. म्हटलं, आधी पोरीचं डोकं बघ, मग सुनेचं, मग तुझं. तो म्हणाला, "अव्वा, आमच्या घरात कसल्या उवा?" मी एवढी हसले की तो घाबरला. रात्रीपर्यंत त्याचाच फोन, हळू आवाजात. तिघांच्याही डोक्यात आहेत.

माझी खाज कमी आहे. मेंदीला उगीच बोल लावला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पोरींनी फण्यांवर सुईनं आपापली नावं कोरली. माझ्या फणीवर अक्षरानं 'मुख्यालय' कोरलंय. सासूबाईंचा कंगवा साबणानं धुऊन, उन्हात ठेवून, देवघराच्या फळीवर ठेवला. त्यानं पुष्कळ सेवा केली, आता बसून खाऊ दे.

सदफ बोलते, पण कामापुरतं. जेवलीस का विचारलं तर हाव. झोपलीस का, हाव. मी काय आशा धरावी? मोडलेलं बोट लगेच वाकत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुसरं लोशन झालं. महानंदा येऊन बघून गेली, सगळ्यांची डोकी साफ, माझं पण. बुधवारी महाशिवरात्र आहे. तिला उपासाचा फराळ बांधून दिला.

मग वेण्या. मी ठरवलं होतं, हा नेम आता बंद करायचा. पण पोरी ऐकेनात. रांगेनं आल्या, प्रत्येकीच्या हातात आपली फणी. मी घालत गेले. अक्षरा पाठांतर म्हणत होती, उवांपाशी आली आणि माझ्याकडं बघून थांबली. म्हटलं, म्हण, म्हण, उदाहरण समोरच बसलंय.

एकवीस झाल्या. तेलाची वाटी उचलून उठणार, तर समोर सावली पडली.

सदफ. ओढणी खांद्यावर, केस मोकळे, हातात ती उशीखालची फणी. म्हणाली, "ही अम्मीची हाय. कुणाला देत न्हाई मी."

मी म्हटलं, "मग नको देऊ, बाळ."

तिनं ती माझ्या हातात ठेवली आणि पाठ करून बसली. "केस लांब हायेत हं, अव्वा. दमताल."

वीस मिनिटांचं काम होतं. मी पाऊण तास लावला.